थायरॉईडच्या रिपोर्टमागचे मणी

सकाळी साडेसहाला बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या तुमच्या घरी लॅबचा मुलगा येतो, दंडाला पट्टा बांधतो, पिवळ्या झाकणाच्या नळीत थोडं रक्त घेतो आणि पुढच्या बिल्डिंगकडे निघतो. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते: टीएसएच ४.८२. बहुतेक जण हा आकडा वजनकाट्यावरच्या आकड्यासारखा वाचतात, म्हणजे मशिनने मोजलं ते खरं. पण हा आकडा कुणी तराजूत तोललेला नसतो. सुईच्या टोकापेक्षा कितीतरी लहान अशा लाखो मण्यांनी तो तुमच्या रक्तातून वेचून काढलेला असतो. ते मणी कुठून आले आणि त्यांना कसं सांभाळावं लागतं, हे कळलं तर रक्त देण्याआधी तुम्ही काय सांभाळायचं हेही कळेल. केसांसाठी गोळ्या घेणाऱ्यांनी तर हा लेख शेवटपर्यंत वाचावाच.

भारतातल्या आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत साधारण ११ टक्के प्रौढांमध्ये थायरॉईड कमी काम करत असल्याचं आढळलं. त्या आठ शहरांत मुंबई होती. म्हणजे तुमच्या सोसायटीत ही टेस्ट करणारे शेजारी भरपूर असणार.

आधी अडचण समजून घ्या. रक्तातला मोकळा टी४ हार्मोन किती असतो? एका लिटरमध्ये एका ग्रॅमचा दहा कोटीवा भाग, साधारण एवढाच. शिवाय त्याच रक्तात हजारो इतर पदार्थ. १९५० च्या दशकापर्यंत हे थेट मोजणं शक्यच नव्हतं. रुग्णाला उपाशीपोटी निजवून तो किती प्राणवायू वापरतो ते मोजायचे आणि त्यावरून थायरॉईडचा अंदाज बांधायचे. रुग्ण घाबरलेला असला तरी आकडा बदलायचा.

वाट सापडली ती न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५९-६० मध्ये इन्सुलिन मोजण्याची एक युक्ती मांडली. ती आपल्या लोकलच्या भाषेत सांगतो. डब्यात जागा ठरलेल्या आहेत; त्या जागा म्हणजे अँटिबॉडी. प्लॅटफॉर्मवर दोन प्रकारचे प्रवासी आहेत: तुमच्या रक्तातला हार्मोन, आणि प्रयोगशाळेने मोजून सोडलेला, किरणोत्सारी खूण केलेला तोच हार्मोन. दोघांची जागेसाठी चढाओढ होते. तुमचे प्रवासी जास्त असतील तर खूण केलेल्यांना जागा कमी मिळते. गाडी सुटल्यावर डब्यातले खूण केलेले मोजा, त्यावरून तुमचे किती ते कळतं. हीच रेडिओइम्युनोअसे, म्हणजे आरआयए. यॅलो यांना १९७७ साली नोबेल मिळालं. बर्सन १९७२ मध्येच गेले होते. दोघांनी या पद्धतीचं पेटंट घेतलं नाही. माझ्या मते आपल्यासारख्या देशांवर हा फार मोठा उपकार होता.

आता ती पद्धत आपल्याकडे कशी रुजली ते पाहू. ट्रॉम्बे आपल्याच उपनगर जिल्ह्यात. तिथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली, आशियातली पहिली. १९६० मध्ये सायरस आली. या भट्ट्यांमधून औषधोपचारासाठी किरणोत्सारी समस्थानिकं मिळू लागली. १९६३ साली परळला, टाटा मेमोरियलच्या ॲनेक्स इमारतीत, भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं. थायरॉईडच्या आजारांसाठी आजही लांबून रुग्ण तिथे येतात. पुढे १९८९ मध्ये अणुऊर्जा विभागाचं ‘ब्रिट’ हे मंडळ वेगळं झालं आणि टी३, टी४, टीएसएच मोजण्याचे देशी आरआयए किट वाशीहून देशभरच्या लॅबना जाऊ लागले. परदेशी किटच्या किमतीत अडकलेल्या सरकारी हॉस्पिटलांना हा मोठाच आधार होता.

त्या किटचं एक घड्याळ असायचं. खूण करायला वापरतात ते आयोडीन-१२५ सुमारे ६० दिवसांत निम्मं उरतं. म्हणजे किट फोडा किंवा न फोडा, त्याची ताकद उतरतच राहणार. म्हणून लॅबवाले सॅम्पल साठवायचे आणि पुरेसे जमले की एका दिवशी सगळे लावायचे. तुमच्या आईने ऐंशीच्या दशकात थायरॉईडची टेस्ट केली असेल तर रिपोर्टला आठवडा का लागायचा, याचं हे एक कारण. दुसरं असं की हे आयोडीन हाताळणाऱ्याने निष्काळजीपणा केला तर ते जाऊन बसणार कुठे? त्याच्या स्वतःच्या थायरॉईडमध्ये. किटमधलं प्रमाण फार थोडं असे, पण मूळ आयोडीन हार्मोनला जोडण्याचं काम हवा खेचून घेणाऱ्या बंद कपाटातच करावं लागे.

किरणोत्साराची भीती सगळ्यांना वाटे. रोजची खरी जोखीम मात्र साधी होती. त्या काळातले टेक्निशियन काचेच्या पिपेटमधून रक्तद्रव तोंडाने ओढायचे. शरबताच्या नळीसारखं! ओठापर्यंत आलेला एक थेंब कावीळ ब द्यायला पुरेसा. निवृत्त झालेल्या कुठल्याही जुन्या टेक्निशियनला विचारा, तो हसून सांगेल की शिकवलंच तसं होतं. १९८६ मध्ये भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले आणि १९८७ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने नियम मांडला: प्रत्येक सॅम्पल संसर्गजन्य आहे असं धरूनच काम करा. हातमोजे आणि रबरी फुग्याचे, मग बटणाचे पिपेट रूढ झाले. तुमच्याकडे येणारा मुलगा हातमोजे न घालता सुई लावत असेल तर त्याला थांबवायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. त्यात त्याचंही भलं आहे.

आरआयएची एक डोकेदुखी उरलीच होती. गाडी आणि प्लॅटफॉर्म वेगळे कसे करायचे? जागा मिळालेला हार्मोन आणि मोकळा राहिलेला हार्मोन एकाच नळीत, एकाच द्रवात. त्यासाठी कोळशाची पूड वापरून पाहिली, रसायनं घालून साका खाली बसवला, नळीच्या आतल्या भिंतीलाच अँटिबॉडी चिकटवली. प्रत्येक पद्धतीत हाताचा भाग मोठा. जरा घाई झाली, थोडा साका ओतला गेला की आकडा चुकला. या जागी मणी आले.

मण्यांची गोष्ट वेगळ्याच टोकाला सुरू होते. १९४७ च्या सुमारास अमेरिकेतल्या डाऊ केमिकल कंपनीने बनवलेल्या पॉलिस्टायरीनच्या दुधासारख्या द्रवात सगळे कण जवळजवळ एकाच आकाराचे निघाले. कुणी ते मुद्दाम केलं नव्हतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरणाऱ्यांनी ते मोजपट्टी म्हणून उचलले. १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या जॅक सिंगर आणि चार्ल्स प्लॉट्झ या डॉक्टरांनी अशा कणांवर मानवी अँटिबॉडी चढवून संधिवाताची टेस्ट बनवली: रुग्णाच्या रक्तद्रवात आर.ए. फॅक्टर असेल तर कण एकमेकांना चिकटून गुठळ्या दिसतात. काळ्या काचेवर एक थेंब रक्तद्रव, एक थेंब पांढरं लेटेक्स, दोन मिनिटं हलवायचं, डोळ्यांनी बघायचं. घाटकोपरच्या गल्लीतल्या छोट्या लॅबमध्येही आर.ए., सी.आर.पी. या टेस्ट वर्षानुवर्षं अशाच झाल्या.

मोठे आणि एकसारखे मणी बनवणं मात्र कठीण होतं. वाढताना ते तरंगतात किंवा बुडतात आणि गोळे होतात. यावर नासाने काढलेला उपाय ऐकून हसू येतं: १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्पेस शटलमध्ये, वजनरहित अवस्थेत मणी बनवले आणि १९८५ साली अमेरिकेच्या मानक संस्थेने ते विक्रीला ठेवले. अवकाशात बनून विकला गेलेला तो पहिला माल. तोवर नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमचे रसायनशास्त्रज्ञ यॉन उगेलस्टाड यांनी हे काम जमिनीवरच, १९७६ मध्ये जमवलं होतं. पुढे त्यांनी मण्यांच्या बारीक छिद्रांत लोहाचं ऑक्साइड भरलं. आता मणी लोहचुंबकाकडे धावू लागले, आणि चुंबक दूर केला की पुन्हा सुटे!

गाडी आणि प्लॅटफॉर्म वेगळे करायचा प्रश्न यातून सुटला. अँटिबॉडी मण्यावर बसवा, नळीला बाहेरून चुंबक लावा, मणी भिंतीला चिकटतात, बाकी सगळं धुऊन टाका. माणसाच्या हाताऐवजी हे मशिन करू शकतं. त्याच काळात किरणोत्सारी खुणेची जागा प्रकाश देणाऱ्या रसायनांनी घेतली. तुमच्या रिपोर्टवर ‘सीएलआयए’ किंवा ‘ईसीएलआयए’ लिहिलेलं असतं ते हेच: चुंबकीय मणी आणि प्रकाश.

फरक किती पडला? जुन्या आरआयएला टीएसएच १ च्या खाली नीट दिसतच नसे. टीएसएच वाढलेला, म्हणजे थायरॉईड मंदावलेला, हे कळे; पण टीएसएच कमी आहे की नॉर्मलच्या खालच्या टोकाला आहे, हे ठरवता येत नसे. त्यासाठी इंजेक्शन देऊन पुन्हा पुन्हा रक्त घ्यावं लागे. आजची मशिन ०.०१ पर्यंत उतरतात. थायरॉईड जास्त काम करतंय हे एका नळीत कळतं, आणि गोळीचा डोस बारकाईने ठरवता येतो. गरोदर स्त्रीच्या बाबतीत हा बारकावा बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी मोलाचा आहे.

पण मणी लाडावलेले असतात. ताकाचं भांडं न ढवळता ओतलं तर पहिल्या पेल्यात पाणीच येतं ना? मण्यांच्या बाटलीचं तसंच आहे. मणी तळाशी बसतात. मशिनमध्ये ठेवण्यापूर्वी बाटली हलक्या हाताने उलटीसुलटी करावी लागते. जोरात हलवली तर फेस येतो आणि मशिनची सुई फेसालाच द्रव समजून कमी माल उचलते. बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची, पण गोठू द्यायची नाही. गोठलेले मणी एकमेकांना चिकटतात ते पुन्हा नीट सुटत नाहीत. ज्या टेस्टमध्ये रंगीत चमकणारे मणी असतात, उदाहरणार्थ किडनी प्रत्यारोपणाआधी रुग्णाच्या रक्तात दात्याविरुद्ध अँटिबॉडी आहेत का हे पाहणारी टेस्ट, ते उजेडातही ठेवता येत नाहीत, रंग फिका पडतो. मुंबईच्या पावसाळ्यात हे सगळं फ्रिजच्या विजेवर अवलंबून. २६ जुलै २००५ च्या पुरात उपनगरांत अनेक ठिकाणी वीज बंद ठेवावी लागली होती. अशा वेळी जनरेटर नसलेल्या लॅबने फ्रिजमधला माल टाकून द्यायचा की वापरायचा, हा प्रश्न पैशाचा असतो आणि रुग्णाचाही. चांगली लॅब रोज सकाळी माहीत असलेल्या आकड्याचं कंट्रोल सॅम्पल लावते आणि ते बरोबर आलं तरच तुमचं लावते. एनएबीएल मान्यता आहे का विचारा, असं आम्ही म्हणतो ते यासाठी.

बाटली खराब होऊ नये म्हणून अनेक रिएजंटमध्ये किंचित सोडियम अझाइड असतं. ते विषारी आहे, शिवाय तांब्याच्या किंवा शिशाच्या पाइपात साचत गेलं तर स्फोटक क्षार बनवतं. म्हणून लॅबने ते कसंही सिंकमध्ये ओतायचं नसतं. कोविडच्या काळात आरएनए वेगळा काढायलाही चुंबकीय मणीच वापरले गेले. तिथल्या द्रवात ग्वानिडीनचा क्षार असतो आणि त्यावर घरातलं ब्लीच पडलं तर विषारी वायू निघतो. जंतू मारायला ब्लीच चांगलं, पण इथे नाही. वापरलेल्या नळ्यांसाठी १९९८ पासून जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आहेत. २०१६ च्या नियमांनुसार लॅबने रक्ताचे नमुने स्वतःकडेच निर्जंतुक करून मग बाहेर द्यायचे असतात. मुंबईतला हा कचरा वर्षानुवर्षं गोवंडी-देवनारच्या केंद्रात जात राहिला. तिथल्या रहिवाशांनी धुराविरुद्ध आवाज उठवला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. आपली एक नळी कुणाच्या तरी खिडकीपर्यंत पोचते, हे अंधेरीत बसून आपल्या लक्षात येत नाही.

१९९० च्या दशकाच्या मध्यात डॉ. ए. वेलुमणी यांनी भाभा केंद्रातली नोकरी सोडून थायरोकेअर सुरू केली. गावोगावी फक्त रक्त गोळा करायचं, सगळे सॅम्पल विमानाने रात्रीत मुंबईला आणायचे आणि एकाच ठिकाणी मोठ्या मशिनवर लावायचे. टेस्ट स्वस्त झाली. हे जमलं याचं एक कारण मला असं दिसतं की टीएसएच हा तसा टणक रेणू आहे. रक्तद्रव वेगळा करून थंड ठेवला तर तो काही दिवस टिकतो. सगळे हार्मोन असे नसतात. एसीटीएच बर्फातच न्यावा लागतो. रक्तपेशी फुटलेल्या नळीत इन्सुलिन कमी होत जातं, कारण पेशींमधलं एक एन्झाइम ते तोडतं. म्हणून ‘सॅम्पल हिमोलाइज झालं, पुन्हा द्या’ असा फोन आला तर लॅब लुबाडतेय असं समजू नका. उलट, लालसर झालेलं सॅम्पल गुपचूप चालवून घेणारी लॅब मला जास्त धोकादायक वाटते. तसंच नळीतलं रक्त पूर्ण गोठायला साधारण अर्धा तास द्यावा लागतो. घाई केली तर त्यात तंतू राहतात आणि मशिनच्या सुईत किंवा मण्यांत अडकतात. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त पिवळ्या झाकणाच्या नळीत ओतणं तर कधीच चालत नाही. जांभळ्या नळीतल्या ईडीटीएमुळे कॅल्शियम खोटं कमी आणि पोटॅशियम खोटं जास्त येतं, काही मशिनचे प्रकाश देणारे एन्झाइमही मंदावतात.

आता केसांच्या गोळ्या. गोष्ट अंड्यापासून सुरू होते. १९२० च्या दशकात दिसलं की कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकावर ठेवलेल्या उंदरांचे केस गळतात, कातडी सोलते. कारण पुढे सापडलं: बलकातलं अॅव्हिडिन हे प्रथिन बायोटिन या जीवनसत्त्वाला घट्ट धरून ठेवतं. १९६० च्या दशकात एका जिवाणूत तसंच स्ट्रेप्टॅव्हिडिन मिळालं. जैविक जगातली ही सर्वांत घट्ट मिठ्यांपैकी एक. मशिन बनवणाऱ्यांनी तिचा उपयोग केला. मण्यांवर स्ट्रेप्टॅव्हिडिन चढवायचं, अँटिबॉडीला बायोटिनची शेपटी लावायची. दोघं आपोआप जुळतात. एकच मणी सगळ्या टेस्टना चालतो. हुशारीची योजना आहे.

पण तुम्ही केस गळतात म्हणून बायोटिनची १० मिलिग्रॅमची गोळी घेत असाल तर? शरीराची रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम. गोळीत त्याच्या तीनशे पटींहून जास्त. हे मोकळं बायोटिन रक्तासोबत नळीत जातं आणि मण्यांवरच्या जागा आधीच अडवून बसतं. खरी अँटिबॉडी मण्याला चिकटत नाही आणि धुण्यात वाहून जाते. प्रकाश कमी पडतो. टीएसएचच्या टेस्टमध्ये कमी प्रकाश म्हणजे कमी टीएसएच. टी३ आणि टी४ ची टेस्ट मात्र लोकलच्या चढाओढीसारखी, उलटी: कमी प्रकाश म्हणजे जास्त हार्मोन. ग्रेव्ह्ज आजाराच्या अँटिबॉडीची टेस्टही काही मशिनवर अशीच उलटी असते. सगळं मिळून रिपोर्ट हुबेहूब थायरॉईड वाढल्यासारखा दिसतो, तेही थायरॉईड ठणठणीत असताना. २०१६ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी चयापचयाच्या आजारासाठी मोठ्या डोसमध्ये बायोटिन घेणाऱ्या मुलांच्या बाबतीत नेमकं हेच नोंदवलं. असा रिपोर्ट खरा धरला तर निरोगी माणसाला थायरॉईड दाबणारं औषध सुरू होऊ शकतं. थायरॉईड कमी असलेल्याचा डोस उगाच घटवला जाऊ शकतो.

नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने इशारा दिला. त्यात एका मृत्यूची नोंद होती: बायोटिनमुळे ट्रोपोनिन खोटं कमी आलं होतं. ट्रोपोनिन म्हणजे हार्ट अटॅक ओळखायची टेस्ट. त्यानंतर काही कंपन्यांनी टेस्ट सुधारल्या. काही मशिनमध्ये अँटिबॉडी थेट मण्यावर असते, तिथे हा प्रश्न येत नाही. म्हणून एकाच दिवशी दिलेल्या रक्ताचे अंधेरीच्या दोन लॅबमधून दोन अगदी वेगळे रिपोर्ट येऊ शकतात, आणि दोन्ही लॅबनी काम नीट केलेलं असू शकतं. तुमची तब्येत आणि रिपोर्ट जुळत नसतील, म्हणजे छातीत धडधड नाही, वजन घटत नाही आणि तरी थायरॉईड वाढलेला आलाय, तर मी पहिला प्रश्न केसांच्या, नखांच्या आणि मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्यांचा विचारतो.

टेस्टच्या आधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा. डोस फार मोठा असेल किंवा किडनीचा आजार असेल तर जास्त दिवस लागतात, तुमच्या डॉक्टरांना विचारा. थायरॉईडची गोळी मात्र स्वतःहून बंद करायची नाही. टेस्टच्या दिवशी ती रक्त दिल्यानंतर घ्या, कारण आधी घेतली तर मोकळा टी४ काही तास वाढलेला दिसतो. लॅबच्या फॉर्मवर औषधांसाठी रकाना नसेल तर कोपऱ्यात पेनने लिहा: बायोटिन, किती मिलिग्रॅम, शेवटची गोळी कधी. आणि छातीत दुखतंय म्हणून कुणाला कॅज्युअल्टीत नेलंत, तर तिथे गोळी थांबवायला दोन दिवस नसतात. तेव्हा बीपी आणि डायबेटिसच्या औषधांसोबत केसांच्या गोळीचं नावही तिथल्या डॉक्टरांना सांगा.